हँडलमागची वाटी

१

गाडीला पॉलिश करायचं म्हणजे पहिल्यांदा मशीनला हात लावायचा नाही. लोकांना हे पटत नाही. त्यांना वाटतं, मशीन घेतलं, पॅड चिकटवला, घूंऽऽ करून फिरवलं, की झाली गाडी आरसा. डोंबलाचा आरसा! धुळीवरून मशीन फिरवलंत तर तीच धूळ रंगात गोल गोल ओढली जाते आणि गाडी उन्हात आली की अंगभर कोळ्याची जाळी दिसतात. म्हणून आधी पाणी, मग साबण, मग रुतलेली घाण उचलणारी क्लेची मऊ वडी सगळ्या अंगावरून, मग रबराच्या कडांना टेप. मशीन त्यानंतर.

आमचं मशीन ड्युअल अ‍ॅक्शनचं. पॅड स्वतःभोवती फिरतो आणि फिरता फिरता डुलतोही, त्यामुळे रंग सहसा जळत नाही. नवख्याला वाटतं, जोर लावला की काम लवकर होईल. होतं उलटंच. दाबलं की पॅड फिरायचा थांबतो, नुसता थरथरत बसतो, आणि आपण उगाच घाम गाळत असतो. म्हणून पॅडमागच्या चकतीवर मार्करने एक रेघ मारून ठेवायची. रेघ फिरताना दिसली तर काम चालू आहे. रेघ जागच्या जागी दिसली तर तुमची हमाली चालू आहे.

हे सगळं मला दादाने शिकवलं. गाळाही त्याचाच, घराला लागून. पुढे शटर, मागे एक दार, दारापलीकडे थेट स्वयंपाकघर. दादा गेला तेव्हा लोक म्हणाले, काही दिवस बंद ठेव. बंद ठेवून काय करू, भिंतींकडे बघत बसू? मी लगेच शटर वर केलं. रडू मला तेव्हाही आलं नाही, नंतरही नाही. दात काढायच्या आधी सुई देतात ना, तसं झालं होतं. गाल आपलाच असतो, पण चावला गेला तरी कळत नाही.

२

दादाची स्वतःची गाडी गडद निळी. ती गाळ्यातच डाव्या भिंतीशी, दार उघडण्यापुरती जागा सोडून, उभी असायची. त्या गाडीला एक खोड होती. बाहेरून कुणी हँडल ओढून धरलेलं असताना आतून बटण दाबलं, तर लॉक उघडायचंच नाही. आधी हँडल सोडायचं, मग आतल्याने बटण दाबायचं, मग पुन्हा ओढायचं. यावरून दादा-वहिनीची कायम जुंपायची. “अहो, आधी सोडा!” “तू आधी दाब!” मी मागच्या सीटवर बसून ऐकायचो आणि म्हणायचो, उतरतो मी, चालत जातो.

त्या दिवशी सकाळी दादाच्या छातीत दुखायला लागलं. वहिनी म्हणाली, मी चालवते, हॉस्पिटलला जाऊ. ती स्टिअरिंगवर बसली, दार लावलं, आणि गाडी आपोआप लॉक झाली. दादा डावीकडून आला आणि हँडल ओढायला लागला. ती बटण दाबत होती, ओरडत होती, सोडा, हँडल सोडा. काच बंद. त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्याने सोडलं नाही. ओढता ओढता तो खाली बसला. तिला आपल्या बाजूने उतरून धावत जायचं सुचलंच नाही, ती बटणच दाबत राहिली. मी तेव्हा एका गिऱ्हाइकाची गाडी पोचवायला गेलो होतो.

डॉक्टर म्हणाले, दार उघडलं असतं तरी फरक पडला नसता. वहिनीने मान हलवली. पटलं काही नाही तिला.

मग ती त्या गाडीत जाऊन बसायला लागली. आधी थोडा वेळ. मग दुपारभर. स्टिअरिंगवर, दारं लावून, समोर भिंतीकडे बघत. जेवण नावाला. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात घातला तरी मनगटावरून कोपरापर्यंत घसरायचा. वहिनीची धाकटी बहीण आम्हाला भेटायला आली होती, तिला आम्ही सगळे धाकटीच म्हणतो. तिने हे बघितलं आणि मला बाजूला घेतलं.

“ताईला मी माझ्याकडे नेते,” ती म्हणाली. “इथे ठेवलंत ना, तर ती त्या गाडीत बसून बसून संपेल. तुम्हाला दिसत नाही का?”

दिसत होतं. आंधळा नव्हतो मी. पण दिसून काय करायचं, ते कळत नव्हतं.

वहिनीने अट घातली. गाडीकडे बोट दाखवून म्हणाली, “डाव्या दाराच्या हँडलमागे त्यांच्या नखांचे ओरखडे आहेत. तेवढे घालवा, भाऊजी. ते गेले की मी हिच्याकडे जाते. मग गाडी विका, काहीही करा.”

धाकटी म्हणाली, रविवारी न्यायला येते.

३

हँडलमागे दाराला वाटीसारखा खोलगट भाग असतो. कुठल्याही गाडीची ती वाटी बघा, ओरखडे असणारच. दार उघडताना बोटं आत जातात, नखं लागतात. गिऱ्हाइकाला सांगितलं तर तो म्हणतो, छे, आमच्या घरात कुणाची नखं वाढलेली नाहीत. हो बाबा, बरोबर आहे.

दादाच्या गाडीच्या वाटीत मात्र नेहमीसारखी बारीक जाळी नव्हती. चार खोल रेघा होत्या. खालून वर, एकीवर एक चढलेल्या. मी दिवा जवळ धरला आणि बघितलं. मला काही वाटलं नाही. हे किती खोल आहेत, कुठल्या पॅडने निघतील, एवढंच डोक्यात आलं.

मोठं मशीन तिथे मावत नाही. त्यासाठी छोटं आहे, त्याचा पॅड लिंबाच्या चकतीएवढा. त्यावर कंपाऊंडचे, म्हणजे घासायच्या लेपाचे, बारीक ठिपके दिले, आधी मशीन बंद ठेवूनच ते वाटीभर पसरवले, मग हळू वेगाने सुरुवात केली. आडवं, मग उभं. घाई नाही. चकतीवरची रेघ फिरतेय ना, ते बघत. पुसलं, दिवा मारला, पुन्हा केलं. शेवटी मऊ पॅड आणि बारीक पॉलिश. वाटी लखलखली. तिच्यात माझ्या दिव्याचा ठिपका अगदी टाचणीच्या टोकासारखा दिसायला लागला.

मी वहिनीला हाक मारली. ती आली, वाकली, एक बोट आत फिरवलं.

“गेले,” ती म्हणाली. आणि मग, कितीतरी दिवसांनी, “चहा टाकू?”

आम्ही स्वयंपाकघरात बसून चहा प्यायलो. ती धाकटीच्या घराच्या गॅलरीबद्दल बोलली, तिथे म्हणे सकाळचं ऊन येतं. मी हं हं करत होतो. बरं वाटलं असावं मला. परत येऊन बाकीचं दार करायला घेतलं, सहज दिवा वाटीत मारला.

चार रेघा. तिथेच.

४

मी काही घाबरलो वगैरे नाही. मला माझाच राग आला. कंपाऊंडमध्ये तेल असतं. ते ओरखड्यात भरून बसतं आणि ओरखडा गेल्यासारखा दिसतो. तेल सुकलं की स्वारी पुन्हा हजर. म्हणून पॉलिश झाल्यावर स्पिरिटने पुसून बघायचं असतं. मी घाई केली आणि पुसलं नाही. इतकी वर्षं लोकांना उपदेश करतोय आणि स्वतःच माती खाल्ली.

पुन्हा सगळं केलं. या वेळी स्पिरिटने पुसलं, एकदा नाही, वास डोक्यात जाईपर्यंत. वाटी कोरडी, स्वच्छ, गुळगुळीत. गाडी लॉक केली, किल्ली खिशात. वहिनी स्वयंपाकघरात भांडी घासत होती, नळाचा आवाज येत होता. मी तिथेच दुसऱ्या गाडीच्या बॉनेटवर काम करायला लागलो. मशीन चालू असलं की दुसरं काही ऐकू येत नाही.

बंद केलं तेव्हा नळाचा आवाज येतच होता. मी गेलो आणि बघितलं.

रेघा होत्या. आणि वाटीच्या खालच्या ओठावर पांढरा भुगा पडला होता, चिमूटभर. रंगावरचा पारदर्शक थर खरवडला की असा भुगा पडतो. ओरखडा जुना असता तर भुगा कुठून आला?

शेजारच्या गाळ्यातला रंगारी गाड्यांना रंग मारतो. त्याला मी बोलावलं. चहाचा कप हातात घेऊनच आला.

“नखं बघू तुझी,” तो म्हणाला.

“माझी?”

“मग काय माझ्या सासूची? झोपेत उठून करतोयस की काय? दाखव.”

दाखवली. पॉलिशवाल्याची नखं, मुळापर्यंत कापलेली. मग त्याने वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

“हे कुणी खोडसाळपणे काढलेले नाहीत,” तो म्हणाला. “खालून वर आहेत. हँडल ओढताना होतात तसे. कुणीतरी दार उघडायला बघतंय रे.”

“अरे, गाडी लॉक आहे.”

“म्हणूनच तर ओढतंय.”

हे तो हसत हसत म्हणाला, पण म्हटल्यावर त्याचं हसू राहिलं नाही. कप तसाच बाकावर ठेवून गेला. मी तो उचलला आणि धुऊन ठेवला.

५

रंगाची जाडी मोजायचं एक छोटं यंत्र असतं. दाराच्या सपाट भागावर टेकवलं की सांगतं, वर किती थर उरलाय. वाटीत ते नीट बसत नाही, तिरकं धरून अंदाज घ्यावा लागतो. मी घेतला. मी पॉलिश करायचो, आकडा खाली यायचा. ओरखडे परत यायचे, मी पुन्हा पॉलिश करायचो, आकडा आणखी खाली. एवढा एक हिशोब मात्र सरळ होता. आणखी दोनदा केलं असतं तर थर संपून खालचा रंग उघडा पडला असता. मग ओरखड्याऐवजी फिकट डाग दिसला असता, आणि त्याला जगात पॉलिश नाही.

म्हणून शेवटचं एकदा केलं आणि वाटीत पारदर्शक फिल्म लावली. मोबाईलच्या काचेवर लावतात तशी, फक्त जाड. पाणी शिंपडून बसवली, बुडबुडे काढले, कडा दाबल्या. नखं काय, किल्ली ओढली तरी आत काही होणार नाही.

सकाळी फिल्म होती तशीच होती. बोट फिरवलं, कुठे अडकलं नाही. पण रेघा होत्या. फिल्मच्या खाली.

मी एक कड उचलली आणि फिल्म सोलून काढली. तिच्या चिकट बाजूला पांढरा भुगा लागला होता.

मला भीती वाटली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला काहीतरी वाटलं, आणि तेही हे. मी तिथे फरशीवरच बसलो. उन्हाळ्यात झाडाखाली बसतात तसा, टेकून. टेकलोय ते त्याच गाडीच्या चाकाला, हे कळलं तेव्हा ताडकन उठलो.

वहिनी गाडीत बसली होती. दुसरी किल्ली तिच्याकडेच असायची; कधी येऊन बसली, मला कळलंच नव्हतं. तिने काच थोडी खाली केली.

“अजून ओढतायत ना?” तिने विचारलं.

“कोण?”

मी काहीतरी पोरकट बोलल्यासारखं तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “मी दाबते हो बटण. रोज दाबते. ते सोडतच नाहीत. त्यांना ऐकूच येत नाही, भाऊजी.”

“वहिनी, बाहेर या.”

“मी उतरले आणि नेमकं तेव्हाच त्यांनी सोडलं तर?”

मी मशीनची वायर गुंडाळायला लागलो.

६

रविवारी मी ते केलं, ज्यासाठी दुसऱ्यांना आयुष्यभर शिव्या दिल्या. आमच्या धंद्यातली ही लबाडी आहे. जुन्या गाड्या विकणारे करतात. तेलकट पॉलिश घ्यायचं, ओरखड्यात नुसतं भरायचं, घासायचं नाही, पुसायचं नाही, वर मेणाचा हात द्यायचा. दोन-तीन दिवस गाडी नवरीसारखी दिसते. नंतर गिऱ्हाईक बोंबलत येतं, तोवर दुकानदार हात वर करून मोकळा.

मला दोन-तीन दिवस नकोच होते. धाकटी येऊन वहिनीला घेऊन जाईपर्यंत टिकलं तरी पुष्कळ. एकदा ती त्या उन्हाच्या गॅलरीत जाऊन बसली, जेवायला लागली, की मागे वाटीचं काय व्हायचं ते होवो. मग मी गाडी विकेन, नाहीतर जाळेन.

हाताने केलं, कापडाने. मशीन लावलंच नाही. झालं तेव्हा दुपार झाली होती. शटर खाली होतं, दिवे चालू. वाटी लखलखत होती. मी स्वतःशीच म्हटलं, चल, आज पार पडलं एकदाचं.

वहिनी मागच्या दाराने आली. केस विंचरलेले, बॅग भरून स्वयंपाकघरात ठेवलेली. मला इतकं हलकं वाटलं. मी दिवा धरून दाखवणार, तेवढ्यात ती म्हणाली, “एकदा बसते. शेवटचं.” आणि दुसऱ्या बाजूने जाऊन बसली, दार लावलं. खट् करून चारही दारं लॉक झाली. तिने किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं.

“वहिनी, इंजिन कशाला?”

ती माझ्याकडे बघत नव्हती. डाव्या खिडकीकडे बघत होती. मी डाव्या दारापाशीच उभा होतो, पण ती बघत होती ती जागा माझ्या जरा पुढे होती.

७

दिवा वाटीवर होता, म्हणून मला दिसलं. मेणाच्या चकाकीत आधी एक रेघ आली. मग तिच्या शेजारी दुसरी. सावकाश, मन लावून, खालून वर. आवाज अगदी बारीक, पाटीवर खडू ओढावा तसा. भुगा खाली पडला.

मग हँडल उचललं गेलं आणि तसंच राहिलं.

आत वहिनीने बटण दाबलं. खट्. उघडलं नाही. पुन्हा दाबलं. खट्. तिचे ओठ हलत होते, सोडा, हँडल सोडा. काचेतून आवाज येत नव्हता. तिच्या तोंडावर जे होतं ते मला बघवेना. हे रोजचं होतं. ती रोज इथे बसून हे करत होती, आणि मी पलीकडे मशीन चालवत होतो.

मला पळून जायचं होतं. पाना घेऊन काच फोडायची होती, तिला ओढून बाहेर काढायचं होतं. दोन्ही मनात आलं. पण मी दिवा धरूनच उभा राहिलो. नजर वळवली ती दाराच्याच पत्र्यावर, हँडलच्या पुढच्या भागावर, जो मी आठवडाभर घासून आरसा केला होता. त्यात मी होतो, हातात दिवा. आणि माझ्या खांद्याजवळ एक कोपर होता. शर्टाची बाही वर गुंडाळलेली, दादा कामाला लागताना गुंडाळायचा तशी. कोपर मागे यायचा, पुढे जायचा. ओढत होता. दमला होता तो, बघून कळत होतं.

मी शेजारी बघितलं नाही. हे मी अजूनही सांगतो, मी बघितलं नाही.

“दादा,” मी म्हणालो. “अरे, सोड ना. जरा वेळ सोड हँडल. वहिनी दाबतेय बटण. सोड म्हणतोय ना.”

काही झालं नाही. इंजिन चालू होतं.

मग हँडल टप् करून खाली आलं.

वहिनीने बटण दाबलं. लॉक उघडलं. हँडल पुन्हा वर गेलं, दार उघडलं, आणि पत्र्यावरचं चित्र दारासोबत फिरून निघून गेलं. मी भिंतीला चिकटून उभा राहिलो. गाडी डाव्या बाजूला किंचित खाली बसली, माणूस सीटवर बसताना बसते तशी. दार ओढून लावलं गेलं.

आतून टिंग टिंग टिंग आवाज यायला लागला. डाव्या सीटवर कुणी बेल्ट न लावता बसलं की ही गाडी अशी ओरडते. वहिनी तिकडे वाकली, पट्टा ओढला, लावला. आवाज थांबला.

तिने काच खाली केली. चेहरा पूर्वीसारखा होता, घाईतला, जरा त्रासिक.

“भाऊजी, शटर उघडा ना लवकर. उभे काय राहिलात?”

मी जाऊन शटर वर केलं. गाडी मागे घेताना तिने नेहमीसारखं मागे वळून बघितलं, वळण नीट घेतलं आणि रस्त्याला लागली. उन्हात निळा रंग छान दिसत होता.

८

धाकटीचा फोन आला तेव्हा मी फरशीवरचा भुगा झाडत होतो.

“निघालेय, पोचतेच आहे,” ती म्हणाली. “गेले का हो ते ओरखडे? ताई तयार आहे ना?”

“ती मघाशीच गेली.”

“गेली? कुठे गेली? एकटी? अहो, तिची काय अवस्था आहे आणि तुम्ही तिला गाडी चालवू दिलीत?”

“एकटी नाही.”

“मग कोण आहे बरोबर?”

मी झाडू भिंतीला टेकवून ठेवला.

“दादाला घेऊन हॉस्पिटलला गेली,” मी म्हणालो. “या वेळी दार उघडलं.”